असुधारित प्रत

भाचीनं पाठवलेला व्हिडिओ मी पहिल्यांदा पाहिला तो बँकेत, हयातीचा दाखला देण्याच्या रांगेत, आवाज बंद ठेवून. नोव्हेंबर हा आम्हा पेन्शनरांचा ‘मी अजून आहे’ असं लिहून द्यायचा महिना. पडद्यावर नववीतली एक मुलगी उभी होती. दोन वेण्या, लाल रिबिनी, हातात कागद, पण कागदाकडे ती बघत नव्हती. मागं बिरसा मुंडांचा फोटो आणि त्याला घातलेली झेंडूची माळ इतकी जाड की फेट्याखालचे डोळे तेवढे दिसत होते. मुलगी काय बोलतेय ते मला आवाजाशिवायही कळत होतं, कारण कागदावरची वाक्यं मीच लिहून पाठवली होती. माझी नव्हेत, जयपाल सिंह मुंडांची. मी फक्त इंग्रजीतून मराठीत आणलेली. तीस वर्षं बोलणाऱ्यांच्या ओठांकडे बघत लिहिण्यात गेली, त्यामुळे टीव्ही मुका असला तरी माणूस काय म्हणतोय याचा अंदाज बांधत बसायची खोड लागली आहे. तिसऱ्या-चौथ्या वाक्याशी अंदाज चुकला. ‘जं’साठी ओठ जेमतेम विलगायला हवे होते, तिचं तोंड ‘आ’ करून उघडलं. तेवढ्यात मागच्या आजोबांनी ‘सरका हो पुढं’ म्हटलं आणि मी सरकलो.

घरी येऊन आवाज लावला. ‘मी आदिवासी आहे, याचा मला अभिमान आहे,’ असं ती खणखणीत म्हणाली आणि टाळ्या पडल्या. मी लिहून दिलं होतं, ‘मी जंगली आहे, याचा मला अभिमान आहे.’

त्या वाक्यात भाषांतर करावं न लागलेला शब्द तो एकच होता.

भाची जव्हार तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत शिकवते. बिरसांच्या जन्माला दीडशे वर्षं होत होती, कार्यक्रम मोठा होता, बाहेरून पाहुणे येणार होते. ‘मामा, दरवर्षी तेच भाषण असतं, उलिहातू गावात जन्म, रांचीच्या तुरुंगात मृत्यू. या वेळी काहीतरी वेगळं द्या ना,’ असं ती म्हणाली, तेव्हा मला जयपाल सिंहांचं १९ डिसेंबर १९४६चं भाषण आठवलं. घटना समितीत उद्दिष्टांच्या ठरावावर चर्चा चालली होती. त्या चर्चेतलं बाबासाहेबांचं १७ डिसेंबरचं भाषण आपल्याकडे पुष्कळांना माहीत असतं, बॅरिस्टर जयकरांची उपसूचनाही निदान ऐकून माहीत असते. दोनच दिवसांनी त्याच सभागृहात ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात शिकलेला त्रेचाळीस वर्षांचा मुंडा गृहस्थ उठला आणि उत्तम इंग्रजीत म्हणाला की, मी लक्षावधी अनाम माणसांच्या वतीनं उभा आहे. मागास जमाती, आदिम जमाती, गुन्हेगार जमाती अशी नाना नावं ज्यांना दिली गेली त्यांच्या वतीनं. आणि मी जंगली आहे याचा मला अभिमान आहे, आमच्या मुलखात आम्हाला याच नावानं ओळखतात. इंग्रजी वाक्यात तो शब्द तसाच्या तसा आला आहे. पुढं ते म्हणतात, सहा हजार वर्षं आमच्या लोकांना लाजिरवाणी वागणूक मिळाली. इथं बसलेले तुम्ही बहुतेक जण माझ्या दृष्टीनं उपरे आहात. आदिवासींना तुम्ही लोकशाही शिकवू शकत नाही, ती तुम्हीच त्यांच्याकडून शिकायची आहे. आमच्या लोकांना संरक्षण हवंच असेल तर ते मंत्र्यांपासून हवं आहे! एवढं सगळं ऐकवून झाल्यावर शेवटी, आमचा सगळा इतिहास लुबाडणुकीचा आणि बंडांचा आहे, तरीही मी नेहरूंच्या शब्दावर विश्वास ठेवतो, तुम्हा सगळ्यांच्या शब्दावर ठेवतो. हा ‘तरीही’ मराठीत आणताना मी अर्धा दिवस घालवला. ‘तरीसुद्धा’, ‘तरीदेखील’, ‘असं असूनही’. शेवटी साधा ‘तरीही’च ठेवला.

आणि ज्या शब्दाला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं तोच गेला.

राग आला हे खरं. भाचीला फोन केला तर म्हणाली, ‘मामा, मुख्याध्यापक सरांनी काढायला सांगितला. मी म्हटलं त्यांना, पण ते ऐकेनात.’ मी मनात सगळं जुळवून टाकलं. पाहुणे येणार, कोणीतरी फोटो काढणार, आश्रमशाळेतली मुलगी स्वतःला जंगली म्हणाली असा व्हिडिओ फिरणार, वरून विचारणा होणार. घाबरला असणार माणूस. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला दुसऱ्याची भीती ओळखू येते, आणि ती ओळखून त्याला भित्रा म्हणायची घाईही होते.

माझं काम काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर एका शब्दासाठी एवढा जीव का जळावा ते कळणार नाही. मी विधिमंडळात प्रतिवेदक होतो. सभागृहाच्या मधल्या टेबलाशी मान खाली घालून लिहीत बसलेली माणसं टीव्हीवर दिसतात ना, त्यांतला एक. कॅमेरा कधी आमच्यावर थांबत नाही. आमच्या पाळ्या असतात. आपली पाळी संपली की उठायचं, पुढचा येऊन बसतो, आणि आपण आत जाऊन ताजं ताजं लिहून काढायचं. पानाच्या तळाशी ‘यानंतर श्री. अमुक’ असं पुढच्या प्रतिवेदकाचं नाव येतं. वाक्य मधेच तुटलेलं असतं, मंत्र्याचं ‘शासनाच्या विचाराधीन’ माझ्या पानावर आणि ‘आहे’ पुढच्याच्या. माथ्यावर लिहिलेलं असतं, ‘असुधारित प्रत’. त्या दोन शब्दांवर माझा जीव होता. सुधारित प्रतीत माणसं व्याकरणशुद्ध बोलतात. असुधारित प्रतीत ती खोकतात, एकमेकांना अरे-तुरे करतात, ‘बसा खाली’ म्हणतात. आणि मग अध्यक्षांचा आवाज येतो, ‘हे शब्द कामकाजातून काढून टाकण्यात यावेत.’ आम्ही काढून टाकायचो. पण लिहिलेला शब्द हातातून जात नाही; वहीतून गेला तरी बोटांना माहीत असतो.

या सगळ्या गोंधळात एक काम असं होतं की ज्यात काढून टाकण्यासारखं कधी काहीच नसायचं. अधिवेशनाचा पहिला दिवस, पटलावर अध्यादेश, पुरवणी मागण्या, आणि मग शोकप्रस्ताव. सभागृहाचा आवाजच बदलतो तेव्हा. पंख्यांची घरघर ऐकू येते. आदल्या अधिवेशनात एकमेकांच्या अंगावर धावून गेलेले सदस्य हात पुढं बांधून बसतात. दिवंगत माणूस कुठल्या पक्षाचा, त्याच्यावर काय काय आरोप झाले, त्याला कितीदा सभागृहातून बाहेर काढलं, याचा मागमूस नसतो. जन्म, शिक्षण, कितव्या निवडणुकीत निवडून आले, कुठली खाती सांभाळली, ‘दांडगा जनसंपर्क’, ‘मनमिळाऊ स्वभाव’, ‘कधीही भरून न निघणारी पोकळी’. पहिल्या दोन-तीन वर्षांतच मी स्वतःपुरत्या खुणा पाडून घेतल्या होत्या. ‘त्यांच्या निधनाने समाजाची अपरिमित हानी झाली आहे’ या आख्ख्या वाक्याला एक वेलांटी. ‘तळागाळातील’ला एक टिंब. सगळे स्तब्ध उभे राहायचे तेव्हा लिहायला काही नसायचं, आणि तेवढीच काय ती आमच्या हाताला विश्रांती.

नीट कान देऊन ऐकलं की या वेलांट्यांतही भेद दिसायचा. मोजदाद केलेली नाही, पण हाताला सवय झाली की हात सांगतो. दिवंगत सदस्य सहकारातला असला की ‘दूरदृष्टीचा’, वकील असला की ‘अभ्यासू’, जुना खानदानी असला की ‘मुत्सद्दी’. आणि आदिवासी असला की ‘साधा’. ‘साधी राहणी’, ‘निर्मळ मन’, ‘भाबडा म्हणता येईल इतका सरळ’. एकदा ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं त्या गृहस्थांनी वनजमिनीच्या चर्चेत सरकारी आकडेवारी तासभर उभी-आडवी फाडलेली मी स्वतः लिहिली होती, सातबारे, गट नंबर, दाव्यांच्या तारखा, सगळं तोंडपाठ. मंत्री घामाघूम. आणि आता ते ‘भाबडे’. शोकप्रस्तावावर हरकतीचा मुद्दा घेता येत नाही. ज्याला घेता आला असता तो नसतोच.

जयपाल सिंहांना भाबडं म्हणणं मात्र कुणालाही जड जाईल. खुंटीजवळच्या टकरा गावचा हा मुलगा, मूळ नाव प्रमोद पाहन. रांचीच्या मिशन शाळेतल्या पाद्र्यानं त्याला इंग्लंडला नेलं. ऑक्सफर्ड, हॉकी, आयसीएससाठी निवड. १९२८ला अ‍ॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिकला भारतीय संघाचा कर्णधार म्हणून जायचं होतं तर रजा मिळेना, म्हणून विनारजा गेले. परतल्यावर प्रशिक्षणाचं वर्ष पुन्हा करायला सांगितलं, तेव्हा आयसीएसच सोडून दिली. भारतानं त्या स्पर्धेत २९ गोल केले, एकही खाल्ला नाही, सुवर्णपदक जिंकलं; पण अंतिम सामन्यात कर्णधार मैदानावर नव्हते, संघातल्या कुरबुरींमुळं आधीच बाजूला झाले होते. मला त्यांच्या सगळ्या आयुष्यावर या सामन्याची सावली दिसते. मग तेल कंपनी, आफ्रिकेत गोल्ड कोस्टला शिक्षकी, रायपूरच्या राजकुमार कॉलेजात शिकवणं, बिकानेर संस्थानात मंत्रिपद, आणि १९३९च्या जानेवारीत आदिवासी महासभेचं अध्यक्षपद. लोक त्यांना ‘मरङ गोमके’ म्हणू लागले, मुंडारीत थोरला धनी. सुटाबुटातला, पाईप ओढणारा थोरला धनी. १९५२ला त्यांच्या झारखंड पक्षानं कोंबडा या चिन्हावर बिहार विधानसभेत ३२ जागा जिंकल्या. १९६३ला त्यांनी तोच पक्ष काँग्रेसमध्ये विलीन केला आणि ज्यांनी कोंबड्यावर शिक्के मारले होते त्यांतल्या पुष्कळांनी त्यांना ते कधी माफ केलं नाही. वेगळं राज्य त्यांच्या हयातीत आलं नाही. मार्च १९७०मध्ये दिल्लीत गेले तेव्हा ते खासदारच होते.

घटना समितीतली त्यांची बाकीची भाषणंही मी त्या निमित्तानं पुन्हा काढली. दारूबंदीच्या तरतुदीवर बोलताना त्यांनी तांदळाच्या बिअरची बाजू घेतली होती. धर्मकृत्यांत ती लागतेच, पण त्यांचा दुसरा मुद्दा मला जास्त आवडतो. दिवसभर मुसळधार पावसात, गुडघाभर पाण्या-चिखलात उभं राहून भात लावणाऱ्या संथालाला ती मिळाली नाही तर लावणीच होणार नाही. गांधी टोप्यांनी भरलेल्या सभागृहात हे बोलायचं! पहिल्याच भाषणात त्यांनी असंही म्हटलंय की या समितीत पुरुष फार झाले, बायका आणखी हव्यात. आता मला सांगा, यातलं कुठलं वाक्य आपण तसबिरीखाली लिहू? तांदळाची बिअर, उपरे, मंत्र्यांपासून संरक्षण?

बिरसांचं तैलचित्र संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये १९८९ला लागलं. घटना समिती याच हॉलमध्ये भरली होती, म्हणजे जयपाल सिंह जिथं ‘जंगली’ म्हणाले तिथंच. १९९८च्या ऑगस्टमध्ये संसदेच्या आवारात बिरसांचा पुतळा उभा राहिला, अनावरण राष्ट्रपती नारायणन यांनी केलं. २०२४मध्ये आवारातले सगळे पुतळे हलवून एकाच ठिकाणी, प्रेरणा स्थळावर नेले, त्यांत हाही गेला. दर १५ नोव्हेंबरला फुलं वाहिली जातात. बिरसा १९००च्या जूनमध्ये रांचीच्या तुरुंगात पंचविशीच्या आत-बाहेर गेले. जयपाल सिंह त्यानंतर तीन वर्षांनी त्याच खुंटीच्या मुलखात जन्मले. एकानं उलगुलान म्हणजे मोठं बंड केलं, धनुष्यबाणांनी. त्याच्यामागं आठ वर्षांनी छोटानागपूर कुळकायदा आला, त्याचं श्रेय त्या बंडाला देतात. दुसरा जवळजवळ पाव शतक सभागृहांत उभा राहून बोलत राहिला. माझ्या मनात एक वाकडा विचार येतो आणि तो लिहूनच टाकतो. जो सभागृहात कधी आलाच नाही, त्याला सभागृहाच्या भिंतीवर लावणं सोपं असतं. त्याचं एकही वाक्य आमच्यासारख्या कुणी टिपून ठेवलेलं नाही. बोलणाऱ्याची पानंच्या पानं दप्तरात पडलेली असतात, आणि ती कुणीही, कधीही उघडून वाचू शकतं. अर्थात बिरसांचा फोटो नसता तर त्या आश्रमशाळेत कार्यक्रमच झाला नसता आणि मला जयपाल सिंह घुसडायला जागाही मिळाली नसती, हेही आहेच.

मी नोकरीला लागलो १९९५ला. त्याच्या आदल्या हिवाळी अधिवेशनात, २३ नोव्हेंबर १९९४ला, नागपुरात विधिमंडळावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जीव गेले, बहुतेक बायका आणि मुलं. मागणी म्हटली तर एका शब्दाची होती. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ असं लिहिलं आहे. ते आम्हीच, असं मान्य करा. माझी पहिली काही हिवाळी अधिवेशनं वरिष्ठांकडून त्या दिवसाच्या गोष्टी ऐकण्यात गेली. त्या सांगताना माणसं मधेच गप्प होत आणि संत्रं सोलायला लागत. पुढं तिथं स्मारक झालं. सीताबर्डीवरून जाणाऱ्या उड्डाणपुलाला शहीद गोवारींचं नाव दिलं आणि त्या नावात ‘आदिवासी’ आणि ‘गोवारी’ हे दोन शब्द शेजारी शेजारी आहेत. हायकोर्टात ते २०१८ला जिंकले, २०२०च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. म्हणजे पुलावर आहेत, यादीत नाहीत. डिसेंबरच्या धुक्यात आमची गाडी त्या पुलावरून विधानभवनाकडे जायची तेव्हा मी पाटी वाचायचो. रोज. पाटी बदलली असेल अशी काही अपेक्षा नव्हती, पण छापलेलं वाचल्याशिवाय माझ्या डोळ्यांना राहवत नाही.

२०२५च्या ऑगस्टमध्ये झारखंडचे नेते शिबू सोरेन गेले त्या दिवशी मी घरी टीव्हीसमोर होतो. विद्यमान सदस्य होते, म्हणून राज्यसभा दिवसभरासाठी तहकूब झाली. त्याच महिन्यात झारखंड विधानसभेनं त्यांना भारतरत्न द्यावं असा ठराव केला. ‘दिशोम गुरू’, देशाचा गुरू. सावकारांनी बापाचा खून केला तेव्हा हा मुलगा शाळेत होता. पुढं त्यांनी धानकटनी आंदोलन उभं केलं. सावकारानं लाटलेल्या शेतात आदिवासी बायका विळे घेऊन उतरायच्या आणि पुरुष धनुष्यबाण घेऊन बांधावर पहाऱ्याला. मग खासदारकी, मंत्रिपद, मुख्यमंत्रिपद. १९९३च्या अविश्वास ठरावावेळचं लाच प्रकरण. खटले, शिक्षा, सुटका. मी टीव्हीसमोर बसून मनातल्या मनात वेलांट्या काढत होतो. चुकून एखादं वाक्य वेलांटीत बसणार नाही असं येईल म्हणून थांबलो, आणि चहा निवला. खरं तर त्यात बोलणाऱ्यांचा दोष काय? मेलेल्या माणसाच्या घरी जाऊन कुणी त्याची उधारी काढत नाही. पण उधारीबरोबर त्याच्या हातातला विळाही काढून घेतला जातो, तिथं माझं अडतं.

डिसेंबरात ठाण्याहून जव्हारची एसटी धरली. भाचीला डिंकाचे लाडू पोचवायचं निमित्त होतं. विक्रमगड मागं पडलं की घाट लागतो आणि गाडीत वास बदलतो. सुकलेलं गवत, भाताचा पेंढा, कुठंतरी पेटवलेला पालापाचोळा. झोडणी उरकलेली खळी अजून सारवलेली दिसत होती. कारवीच्या कुडाची घरं कमी झाली आहेत, पत्र्याची वाढली आहेत. आश्रमशाळेच्या फाटकावर ‘जनजातीय गौरव’चा फलक अजून लटकत होता, एक दोरी सुटल्यामुळं तिरका. मुख्याध्यापकांच्या खोलीत गेलो तेव्हा मी भांडायच्या तयारीत होतो, म्हणजे आपल्या पद्धतीनं, चहा घेत घेत.

पन्नाशीचे गृहस्थ. पेठ तालुक्यातले, कोकणा. हे मला भाचीनं सांगितलं नव्हतं, किंवा मी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, ‘सर, तो शब्द त्यांचा स्वतःचा होता. रेकॉर्डवरचा आहे.’ त्यांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं आणि म्हणाले, ‘माहीत आहे मला. तुमचा कागद आला त्या रात्री मी सगळं भाषण वाचलं.’ मग थोडं थांबून, ‘काका, नाशकात वसतिगृहात मी सात वर्षं होतो. माझं नाव हजेरीपटापुरतं होतं. मेसवाल्यापासून खेळाच्या सरांपर्यंत सगळ्यांसाठी मी ए जंगली. जयपाल सिंह ऑक्सफर्ड करून, ऑलिंपिक करून तिथं उभे होते. त्यांनी तो शब्द उचलून समोरच्यांच्या टेबलावर आपटला. आमची पोरगी म्हणाली असती तर पाहुण्यांनी टाळ्याच वाजवल्या असत्या. आणि बारावीला ती शहरात गेली की तोच शब्द तिला पुन्हा कोण म्हणालं असतं? माझ्या हातानं मी तिच्या तोंडात तो नाही घालायचा.’

मी चहाच्या कपाकडे बघत राहिलो. माझ्याजवळ उत्तर नव्हतं आणि असलं तरी ते देण्याचा हक्क होता का, याची खात्री नव्हती. मला आठवलं की जयपाल सिंहांनीच नंतर, मसुद्याच्या हिंदी भाषांतरात ‘बनजाती’ हा शब्द आलेला पाहून तक्रार केली होती. आमचे बहुतेक लोक जंगलात राहत नाहीत, मग बनजाती कशाला, ‘आदिबासी’ का नाही? त्या शब्दात डौल आहे, असं त्यांचं म्हणणं. बाबासाहेबांचं मत पडलं की ‘आदिवासी’ हा मोघम शब्द आहे, त्याला कायद्याचा नेमका अर्थ नाही. यादी करायची तर अनुसूचित जमातीच हवं. दोघांचंही पटतं, हीच पंचाईत. पण मला त्या क्षणी खटकलं ते वेगळंच. स्वतःला अभिमानानं जंगली म्हणणारा माणूस दुसऱ्यानं दिलेला वनातला शब्द घ्यायला तयार नव्हता. मी अख्खं भाषांतर केलं, पंधरा दिवस ती पानं घेऊन बसलो, आणि हे त्या मुख्याध्यापकांना एका रात्रीत कळलं होतं. मी त्यांना तसं सांगितलं. ते हसले. म्हणाले, ‘बनजातीचं मी नव्हतं वाचलेलं. द्या मला ते पान.’

शब्द काढायला नको होता असं मला अजून वाटतं. त्यांनी काढला ते बरोबर केलं असंही वाटतं. पाच वाजताच्या परतीच्या एसटीपर्यंत या दोन्हींतलं काहीही कमी झालं नाही.

निघताना भाचीनं त्या मुलीला बोलावलं. वारली मुलगी, अंगावर शाळेचा स्वेटर, हाताला ताजी माती. शाळेच्या वाफ्यांत वांगी लावत होती म्हणे. मी तिचं कौतुक केलं, कागद न बघता बोललीस म्हटलं. ती पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली. मग एकदम विचारलं, ‘सर, ते भाषण इंग्लिशमध्ये होतं ना?’

‘हो.’

‘मग जंगली हा शब्द त्यांनी इंग्लिशमध्ये का नाही म्हटला? इंग्लिशला नाही का शब्द?’

‘तुला कसं माहीत जंगली म्हणाले ते?’

‘तुमच्या कागदावर होतं की. सरांनी पेनानं खोडलं, पण खालचं दिसतंय.’ तिनं दप्तरातून तो कागद काढला. आठ घड्या, कोपरे मऊ झालेले. सरांनी निळ्या शाईची एकच रेघ मारली होती, सरळ, शिक्षकाची. वर ‘आदिवासी’ असं सुवाच्य अक्षरात. रेघेखाली माझं ‘जंगली’ पूर्ण वाचता येत होतं.

इंग्रजीत आहेत शब्द, मी म्हटलं, दोन-तीन आहेत. पण त्यांना ज्या शब्दानं हाक मारली गेली तो हाच होता, बहुधा म्हणून. तिनं मान हलवली, पटल्यासारखी किंवा नुसती मोठ्या माणसाला हलवतात तशी. कागद पुन्हा घडी केला. ‘मॅडम, पाणी राहिलंय अजून दोन वाफ्यांचं,’ असं म्हणत ती गेलीसुद्धा. मागून भाची ओरडली, ‘अगं, स्वेटर काढ आधी, भिजेल!’